न सांगितलेलं स्टालिनग्राड

नानाजी थूल यांना हायस्कूलमधून निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली होती, पण हिंगणघाटात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे ते थूलसर. एकतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. शिवकाल, पेशवाई, सत्तावन्न हे सगळं त्यांनी नेमानं शिकवलं, पण जीव होता तो जगाच्या इतिहासात. पाठ्यपुस्तकात त्याला वीसेक पानं असायची आणि परीक्षेत चार-सहा मार्क. त्या वीस पानांसाठी ते दिवाळीनंतरचे तीन आठवडे राखून ठेवत.

गेल्या वर्षी त्यांची नात मयुरी त्यांच्याकडे एक काम घेऊन आली. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. चौदा मुलंमुली तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली होती, अभ्यासक्रमात जगाचा इतिहास आला होता, आणि मोबाइलवर पुण्याच्या क्लासचे व्हिडिओ बघून कोणाच्याही डोक्यात तो शिरत नव्हता. मयुरीच्या आबाजींनी सकाळी तासभर शिकवावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. नानाजींनी एक दिवस विचार करतो म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी बाजारातून पांढऱ्या फळ्यावर लिहायचे चार पेन आणले.

जुलैपासून तास सुरू झाले. सात ते साडेआठ. अमेरिकेचं स्वातंत्र्य झालं, फ्रान्सची क्रांती झाली. व्हाल्मीच्या लढाईला तर नानाजींनी दोन दिवस दिले. सतराशे ब्याण्णवचा सप्टेंबर, टेकडीवर एक पवनचक्की, समोर युरोपातलं सगळ्यात कवायती सैन्य, आणि इकडं नुकतेच भरती झालेले शिंपी, चांभार, सुतार, ज्यांना धड रांगेत उभं राहता येत नव्हतं. दिवसभर तोफा चालल्या. या लोकांनी फार मोठा पराक्रम केला नाही, फक्त ते पळाले नाहीत. समोरचं सैन्य मागं फिरलं आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये राजेपदच रद्द झालं. हे सांगताना नानाजींचा आवाज दरवेळी थोडा बदलायचा. हुकमानं लढणारा आणि आपला देश म्हणून लढणारा यांतला फरक जगाला त्या दिवशी कळला, असं ते म्हणत.

ऑक्टोबरात दुसरं महायुद्ध आलं. त्यांच्या जुन्या टिपणात स्टालिनग्राडला अडीच ओळी होत्या. बेचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य व्होल्गा नदीपर्यंत पोचलं, शहरात महिनोन् महिने लढाई झाली, त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत जर्मनांनी शरणागती पत्करली, युद्धाचं पारडं फिरलं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, शहराचे दहातले नऊ भाग पडले तरी दहावा पडला नाही हे दोन-तीन वाक्यांत जरा रंगवून सांगितलं आणि खाली रेघ मारली.

प्रेम टेकाम नावाचा मुलगा मागच्या बाकावर बसायचा. कारंज्याकडच्या एका गोंड वस्तीतून शिकायला आलेला, बोलायला कमी. त्यानं विचारलं की अर्धा युरोप घेतलेल्या सैन्यानं या शहराचे दहातले नऊ भाग घेतले, तर उरलेला एक भाग काऊन पडला नाही. नानाजींनी थंडीचं कारण सांगितलं, रसद लांब पडल्याचं सांगितलं. प्रेमनं ते लिहून घेतलं. त्याच्या पुढं बसलेली गुंजन उईके मात्र लिहिता लिहिता थांबली.

"सर, थंडी तं दोघायलेही वाजत असन."

वर्ग हसला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. नानाजींनी उद्या सांगतो म्हटलं.

घरी जाऊन त्यांनी कपाटातली चार पुस्तकं काढली. आकडे होते, तारखा होत्या, सेनापतींची नावं होती. गुंजनच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आणि दुपारी आडवं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सकाळी वर्गात त्यांनी जी दोन-तीन वाक्यं जरा रंगवून सांगितली, ती त्यांची नव्हतीच. ती हेमराज परातेची होती. उत्तर ज्याला माहीत होतं तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, आणि त्याच्याशी नानाजी तेहतीस वर्षं बोलले नव्हते.

हेमराज पराते मिलच्या विणाई खात्यात कामाला होते आणि लाल बावट्याच्या युनियनचे चिटणीस होते. शिक्षण सातवीपर्यंत. पण रशियाहून मराठीत भाषांतर होऊन येणारी स्वस्त पुस्तकं त्यांनी अशी वाचली होती की स्टालिनग्राडच्या गल्ल्या त्यांना हिंगणघाटच्या गल्ल्यांसारख्या माहीत होत्या. नानाजी नवे मास्तर होऊन आले तेव्हा त्यांची ओळख तानबाच्या चहाच्या टपरीवर झाली. पुढं वीस वर्षं, रोज संध्याकाळी साडेपाचला, मिलच्या रस्त्यावरच्या त्या टपरीवर दोघांचा वाद चालायचा. वाद एकच होता, फक्त उदाहरणं बदलायची. नानाजींचं म्हणणं, जग विचारानं बदलतं. कायदा, मत, कागदावर लिहिलेला हक्क, हेच टिकतं. हेमराजचं म्हणणं, विचार तोफेच्या गाड्यावर बसूनच गावात शिरतो. व्हाल्मीचं कौतुक ऐकून ते म्हणायचे की शिंपी-चांभार टिकले ते मागं राजाच्याच जुन्या तोफा होत्या म्हणून. आणि स्टालिनग्राड पडलं असतं तर तुझ्या संविधानाला शाई कुठून मिळाली असती, हा त्यांचा शेवटचा वार असायचा. टपरीवरची माणसं कानात प्राण आणून ऐकायची. तानबा कधी कधी दुसऱ्या चहाचे पैसे घ्यायचा विसरायचा.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात, नाताळाच्या सुट्ट्या होत्या म्हणून नानाजी सकाळीच टपरीवर बसले होते. पेपरात बातमी होती की मॉस्कोत लाल झेंडा उतरवला. हेमराज समोरून येताना दिसले तसा नानाजींनी पेपर उंच धरला.

"हेमराज, तुया झेंडा उतरवला बे त्यायनं. आता तरी कबूल कर, बंदुकीनं आणलेलं टिकत नाई."

टपरीवर होते तेवढे सगळे हसले. तानबानं पुढं केलेला कप हेमराजनं घेतला नाही. आले तसे परत गेले. पुन्हा त्या टपरीवर ते कधी आले नाहीत. मिल त्याच आठवड्यात बंद पडली. नानाजींना वाटलं होतं चार दिवसांनी राग उतरेल, मग वाटलं महिन्याभरानं, आणि मग आपण कशाला जावं असं वाटायला लागलं. लग्नाकार्यात, मयतीत दोघं एकमेकांना दिसत. मान हलवण्यापुरतीही ओळख राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी नानाजींनी वर्गात वेगळाच धडा घेतला. आणि दुपारी चार वाजता, चप्पल घालून, दोन गल्ल्या ओलांडून ते हेमराजच्या दारात उभे राहिले.

दार हेमराजच्या बायकोनं, जिजाबाईंनी उघडलं. त्यांनी नानाजींकडे क्षणभर पाहिलं आणि बाजूला झाल्या, जसं काही परवाच येऊन गेलेला माणूस आला आहे. हेमराज मागच्या अंगणात उन्हात बसले होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि माणसाची आकृती तेवढी कळायची. जिजाबाई म्हणाल्या की वाचन सुटल्यापासून ते बोलतही कमी झाले आहेत, तुम्ही बसा, मी चहा ठेवते. स्वयंपाकघराच्या दारात मात्र त्या थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू काय? त्या दिवशी ते तुमच्याकडंच आलते."

नानाजींना आधी कळलंच नाही की कोणत्या दिवशी.

जिजाबाईंनी सांगितलं. त्या सकाळी मिलच्या फाटकावर नोटीस लागली होती. इंग्रजीत. युनियनच्या चिटणीसाला एक प्रत हातात दिली होती. चारशे माणसं फाटकाशी उभी होती आणि काय लिहिलंय म्हणून हेमराजला विचारत होती. थूलमास्तरकडून वाचून आणतो, असं सांगून ते निघाले होते. नोटीस खिशात होती. मग ते घरी आले, नोटीस देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्ध्याच्या वकिलानं ती वाचून दाखवली.

नानाजी स्वयंपाकघराच्या दाराशी तसेच उभे राहिले. मिल बंद पडल्याचं त्यांना तेव्हा संध्याकाळी कळलं होतं. पण समोरून येणारा हेमराज तिथूनच येत होता, आणि आपल्याकडेच येत होता, हे त्यांच्या मनात तेहतीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. जिजाबाईंनी त्यांना हातानं अंगणाकडे वळवलं. तुम्हाला लागावं म्हणून नाही सांगितलं, त्या म्हणाल्या, ते स्वतः सांगणार नाहीत म्हणून सांगितलं.

अंगणात नानाजी समोरच्या खुर्चीवर बसले. माफी मागायची तर कुठून सुरुवात करावी ते सुचेना. म्हणून ज्या कामासाठी आले होते तेच बोलले. पोरांना शिकवतो आहे, स्टालिनग्राडवर अडकलो, शहराचा दहावा भाग का पडला नाही ते मला नीट सांगता येत नाही. तू येऊन सांगशील का.

हेमराज म्हणाले की तो देशच राहिला नाही, त्याची लढाई कोणाला हवी. नानाजी म्हणाले, रोमही राहिलं नाही, तरी मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यावर हेमराजच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी विचारलं की प्रश्न कोणी विचारला. नानाजींनी प्रेमचं नाव सांगितलं, आणि थंडीबद्दल गुंजन काय म्हणाली तेही सांगितलं.

"पोरगी हुशार हाय," हेमराज म्हणाले. "थंडीचं कारण हरलेल्यायनं काढलं हाय. शनिवारी येतो. मले न्यायले येजो."

शनिवारी नानाजी सहालाच जाऊन बसले. हेमराजनं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि हातात काठी, काखेत कापडाची एक गुंडाळी होती. हात धरून दोघं हळूहळू विहारापर्यंत आले. वाटेत जिनिंगकडे निघालेले कापसाचे ट्रॅक्टर जात होते. प्रत्येक ट्रॅक्टर आला की नानाजी हेमराजला रस्त्याच्या कडेला घेत आणि तो गेला की पुढं निघत.

जिन्यावर चौदाही मुलं उभी होती. हेमराजनं वाकून पायरीला हात लावला, वर आल्यावर भिंतीवरच्या तसबिरींच्या दिशेनं हात जोडले आणि सगळ्यांना जय भीम घातला. मग कापड उलगडायला सांगितलं. तो मिलच्या कोऱ्या मांजरपाटाचा दीड वार तुकडा होता. त्यावर निळीनं एक रुंद नदी काढलेली, आणि नदीच्या काठानं लांबच लांब पसरलेलं एक शहर. कारखाने, रेल्वे, धान्याचं कोठार, उंचवटे, धक्के, सगळ्यांची नावं सुबक देवनागरीत. चौऱ्याहत्तर साली कामगारांच्या अभ्यास वर्गासाठी त्यांनी ते काढलं होतं. आता त्यांना ते दिसत नव्हतं, पण बोट नेमकं जागेवर पडत होतं.

त्यांनी सांगायला सुरुवात केली ती लढाईपासून नव्हे, नदीपासून. हे शहर आपल्या गावासारखं चौफेर नाही, नदीला धरून पंधरा-वीस मैल लांब आहे आणि रुंदीला जेमतेम. पाठीशी व्होल्गा. तिचं पात्र इतकं रुंद की पलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणजे मागं सरकायचं म्हटलं तर पाणीच. अन्न, गोळ्या, नवी माणसं सगळं होड्यांतून येणार, आणि वरून विमानं. मग त्यांनी कारखाने दाखवले. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कारखान्यात रणगाडे बनायचे. जर्मन जवळ आले तेव्हा रंग द्यायलाही वेळ नव्हता. ज्यांनी ते बनवले त्याच कामगारांपैकी काही जण ते हाकत फाटकाबाहेर घेऊन गेले. विणाई खात्यातला माणूस आपला माग घेऊन लढाईला जावा तसं ते, असं म्हणाले.

प्रेमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दोन भागांत दिलं. पहिला भाग असा की शहरातले सैनिक शत्रूपासून दूर गेलेच नाहीत. दूर गेलं की विमानं बॉम्ब टाकतात. म्हणून त्यांनी शत्रूला मिठीच मारली. एका इमारतीत खालच्या मजल्यावर हे, वरच्या मजल्यावर ते. एवढ्या जवळ की बॉम्ब टाकला तर त्यांच्याच माणसांवर पडेल. दुसरा भाग असा की शहर हे गळ होतं. जर्मनांनी सगळी चांगली माणसं शहरात ओतली आणि दोन्ही बाजू दुसऱ्या देशांच्या कमी हत्यारांच्या सैन्यावर सोडल्या. रशियानं शहरात फक्त टिकण्यापुरती माणसं पाठवली आणि बाकीची बाहेर लपवून जमवली. नोव्हेंबरात त्या दोन्ही बाजू फोडल्या. चार दिवसांत दोन्हीकडची टोकं मागं जाऊन जुळली आणि अडीच लाखांवर माणसं आत कोंडली गेली. हेमराजनं दोन्ही हातांची बोटं कापडावर गोल फिरवून एकमेकांना टेकवली. मुलं उठून कापडाभोवती जमली होती.

नानाजी भिंतीला टेकून ऐकत होते. वीस वर्षं त्यांनी हे तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं, पण नेहमी उत्तर तयार करता करता. आज पहिल्यांदा नुसतं ऐकलं.

सांगून झाल्यावर गुंजननं हात वर केला, मग हेमराजला दिसत नाही हे लक्षात येऊन खाली घेतला.

"आजोबा, एवढ्या माणसायमधे कोणी भ्यालं नसन काय? जे पळाले त्यायचं काय झालं?"

हेमराजचं बोट कापडावर धान्याच्या कोठाराशी होतं. ते तिथंच राहिलं. मग हेमराज बोलले, पण मुलांकडे तोंड करून नव्हे.

"त्यायले त्यायच्याच लोकायनं गोळ्या घातल्या. मागं हटाचं नाई असा हुकूम निंघाला होता. मागं दुसरी तुकडी उभी राहे, पळणाऱ्याले धराले. किती मेले त्याचा हिशेब नाई."

हेमराजनं पुढं सांगितलं की चौऱ्याऐंशी साली नागपूरच्या एका वकील कॉम्रेडनं इंग्रजी पुस्तकातून हे त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी त्याला म्हटलं, हे शत्रूनं लिहिलेलं आहे. पण घरी येताना बसमध्येच त्यांना कळलं होतं की हे खरं आहे.

"हे मी नानाजीले कधी सांगतलं नाई," ते म्हणाले. "सात वर्षं त्याच्यासंगं रोज चहा पेलो आन् सांगतलं नाई. सांगतलं असतं तं तो जिकला असता."

गुंजननं विचारलं, मग त्यांचं शौर्य खोटं का. हेमराज म्हणाले की नाही, तेही खरं. कारखान्यातून रणगाडा घेऊन निघालेल्याला कोणी मागून बंदूक लावली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वेळी झाल्या. लिहिताना दोन्ही लिहा. एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

परत जाताना ऊन चढलं होतं. नानाजींना आपण जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट त्या सात वर्षांत टपरीवर समोर बसून जोरजोरात बोलणारा हा माणूस आतून कसा राहत असेल, याचाच विचार त्यांच्या मनात चालला होता. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"हेमराज, नोटिशीचं मले परवा समजलं. वहिनीनं सांगतलं. मी तुयं तोंड पाह्यलं नाई, पेपरच पाह्यला. चुकलं मायं."

हेमराजही थांबले. काठी जमिनीवर दोनदा टेकवली.

"नोटीस वाचून मिल चालू थोडीच झाली असती," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण तू वाचून दाखवली असती तं बरं वाटलं असतं." आणि मग, "पुढं नाली हाय ना? हात धर."

नानाजींनी हात धरला. जिजाबाई दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी नानाजी तिथंच जेवले. भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. जेवताना हेमराजनं प्रत्येक मुलाबद्दल विचारलं, कोण कुठं बसतं, कोणाचा आवाज कोणता.

पुढच्या शनिवारीही हेमराज आले, आणि त्याच्या पुढच्याही. नानाजी शिकवत आणि हेमराज खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून ऐकत. मधूनच खाकरत. मुलांना ते खाकरणं कळायला लागलं. म्हणजे आता वाद होणार. एकदा जर्मनीत हिटलर सत्तेवर कसा आला तो धडा होता. नानाजींनी सांगितलं की त्यानं राजवाडा वगैरे काही घेतला नाही, त्याला रीतसर पंतप्रधान नेमलं, आणि दोन महिन्यांनी संसदेनंच मत देऊन आपले सगळे अधिकार त्याच्या हाती दिले. विरोधात समाजवाद्यांची चौऱ्याण्णव मतं पडली, बस. मग नानाजींनी पेन खाली ठेवलं. शाळेत असताना हे पान मी दरवर्षी दोन मिनिटांत उरकायचो, ते म्हणाले, कारण कायद्यानं केलेलं टिकतं आणि चांगलं असतं हे मी त्याच्या आधीच्या महिन्यात शिकवलेलं असायचं.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. हेमराज खाकरले नाहीत. ते एवढंच म्हणाले की त्या दिवशी आमचे लोक मत द्यायला नव्हतेच, ते तुरुंगात होते. पण त्याच्या आधीच्या वर्षांत त्या चौऱ्याण्णवांशी हात मिळवायला आमचेच लोक तयार नव्हते, तेही फळ्यावर लिही. नानाजींनी लिहिलं. मयुरीनं घरी येऊन आजीला सांगितलं की आता वर्गात कोण कोणाच्या बाजूनं आहे तेच कळत नाही.

मुख्य परीक्षेला चौदापैकी चौघंच पोचली. प्रेम त्यांत होता, मयुरी पाच मार्कांनी राहिली. दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातला वही घेऊन विहारात हजर झाली. राहिलेली सगळीच येत राहिली. नानाजींनी विचारलं की परीक्षा तर पुढच्या वर्षी आहे, तास चालू ठेवायचे का. मुलांनी वह्या उघडल्या.

फेब्रुवारीत गुंजननं एक प्रश्न आणला. ती पुन्हा फ्रान्सकडे वळली होती. सगळी माणसं जन्मानं समान असं त्या लोकांनी सतराशे एकोणनव्वद साली लिहिलं, पण तेव्हाच त्यांच्या ताब्यात दूरची बेटं होती आणि तिथं उसाच्या शेतांत लाखो गुलाम राबत होते असं तिनं एका ठिकाणी एका ओळीत वाचलं होतं. त्या गुलामांच्या कानावर हे वाक्य गेलं का, आणि गेलं तर त्यांनी काय केलं. तिच्या आजोबांच्या लहानपणी त्यांच्या जंगलात कोणता कायदा आला ते वस्तीला दोन वर्षांनी कळलं होतं, म्हणून विचारते, असं ती म्हणाली.

नानाजींनी हेमराजकडे पाहिलं. हेमराजनं मान हलवली. त्या बेटांतल्या हैतीचं नाव दोघांनीही ऐकलं होतं, त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. नानाजींनी वर्गाला तसं सांगून टाकलं.

मंगळवारी सकाळी दोघं वर्ध्याच्या एसटीत बसले. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नानाजींचा जुना विद्यार्थी राकेश कामाला होता. त्यानं शोधून शोधून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं, ज्यावर पंधरा वर्षांत कोणी नेल्याचा शिक्का नव्हता. नानाजी एक परिच्छेद मनात वाचत आणि मग हेमराजला आपल्या बोलीत सांगत. सांगता सांगता आवाज चढला, शेजारची मुलं बघायला लागली, तेव्हा राकेशनं दोन खुर्च्या व्हरांड्यात लावून दिल्या.

ते वाक्य बेटावर पोचलं होतं. मालकांच्या जेवणाच्या टेबलावर वाढणाऱ्यांनी ते ऐकलं, आणि तिथून ते शेतांत गेलं. गुलामांनी उसाची शेतं पेटवली, सैन्य उभं केलं. ज्या देशानं ते वाक्य लिहिलं त्यानंच पुढं नेपोलियनच्या हुकमानं जहाजं भरभरून सैन्य पाठवलं, त्यांना पुन्हा साखळ्या घालायला. ते सैन्य तापानं आणि लढाईनं संपलं. नानाजी वाचत होते, हेमराज काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. दोन वेळा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द आधी आला की बंदूक, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, हे नानाजींना कळलं. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

"त्या म्होरक्याचं नाव काय म्हटलं?" शेवटी हेमराजनं विचारलं.

"तुसाँ लुव्हेर्त्यूर. आधी घोडागाडी हाकत होता."

"पुन्हा सांग."

नानाजींनी पुन्हा सांगितलं. हेमराजनं म्हणून पाहिलं, जमलं नाही. बाहेरच्या माणसाला पुस्तक घरी न्यायला मिळत नव्हतं आणि अजून अर्धं बाकी होतं, म्हणून पुढच्या मंगळवारी येतो असं राकेशला सांगून दोघं चारच्या गाडीला निघाले. खिडकीशी हेमराज, शेजारी नानाजी. वायगाव मागं पडेपर्यंत हेमराज ते नाव घोकत होते आणि नानाजी दरवेळी दुरुस्त करत होते. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून विचारलं की कोणत्या गावचे पाहुणे आहेत हे. हेमराजनं तिला सांगायला सुरुवात केली.